मीठ खाल्लेलं रीळ

फॉल रिव्हरच्या उतारावर, तिमजली घराच्या तळघरात
झेफेरिनो अरुडा बॉयलरला पाठ देऊन बसतो.
समोर अंड्यांचा पुठ्ठा. बारा खळग्यांत
एका रिळाचे स्क्रू, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं.
क्रम चुकला की रीळ हसतं तुम्हाला, तो म्हणतो,
आणि एक वॉशर उरतो. कायमचा.

पोराचं नाव नोलन पाशेको, वय एकोणीस.
चार डॉलरला उचललंय, कुणाच्या तरी अंगणातल्या विक्रीत.
म्हणे केप कॉडच्या कालव्यावर नेणार, पट्टेरी बाससाठी,
थंडी पडायच्या आत.
म्हणे सगळं नवं टाका, सांगाडा तेवढा राहू द्या.

झाकण हलत नाही.
भिंतीला लोणा लागतो तसा लागलाय,
पांढरा, फुगलेला, स्क्रूच्या डोक्याभोवती.
व्हिनेगरचे दोन थेंब. थांबायचं.
वर सून बटाटे तळते आहे.
पुन्हा दोन थेंब.
पोराच्या फोनवर भरतीचं वेळापत्रक उघडं.

उघडलं. आत ग्रीस कसलं, आटलेली काकवी,
तिच्यात वाळूचे चार कण
आणि एक खवला, कुठल्या सालचा कोण जाणे.

ड्रॅगमधल्या फेल्टच्या चकत्या गेल्या कचऱ्यात,
सादळलेल्या पापडासारख्या.
जागी कार्बनच्या, काळ्या. आता मासा पळाला
तर दोरी हिसके न देता सुटेल.
रोलरमधला पितळी बुश काढून स्टीलचं बेअरिंग, सीलबंद.
कमान तर करवतीनं कापूनच टाकली.
"फेकताना मध्येच मिटते, आमिष जातं पाण्यात.
बोटानं उचल दोरी. बोटाला गंज चढत नाही."

मग रोटर उचलला
आणि हात थांबला.

उलट फिरू न देणाऱ्या खिट्टीखाली एक स्प्रिंग.
कारखान्याची नव्हे.
चर्चच्या हॉलमधल्या मोडक्या पियानोची तार,
टोकाला डावीकडे एक उगाचचा पीळ.
असा पीळ घालणारा माणूस अख्ख्या गावात एकच
आणि तो आत्ता बॉयलरला टेकून बसलाय.

"कुठे होती ही विक्री?"
"कोलंबिया स्ट्रीटच्या मागे. हिरवं घर.
म्हातारा गेला, मुलं टेक्सासहून आली होती."

एव्हारिस्टो मेडेरोस.
सत्याहत्तर साल, अकरा डॉलर.
हा म्हणाला, दिले नाहीस.
तो म्हणाला, दिले, पुलाखाली, मोजून दिले.
त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं एकाच कालव्यावर
शंभर पावलांच्या अंतरानं दोघं उभे.
पाठ फिरवायचीही गरज पडली नाही,
दोघांची तोंडं पाण्याकडेच.
धुक्यात माणूस दिसायचा नाही,
या खिट्टीची टकटक तेवढी यायची.
हा आपली दोरी त्या आवाजाच्या अलीकडे टाकायचा.

"ती स्प्रिंगपण काढा," पोरगं म्हणालं,
"हल्ली सगळी रिळं मुकी असतात."

झेफेरिनोनं तार पुसली. अंगठ्यानं दाबली.
उसळली.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपल्याकडे म्हणतात.
इथे मिठानंच खाल्लं होतं सगळं,
चकत्या, बुश, बोलणं,
आणि जागी होती ही दीड इंच तार.
"राहू दे ही," तो म्हणाला. "सवय होते आवाजाची."
दातेरी चाकांना निळं ग्रीस लावलं,
जरुरीपेक्षा जास्तच.

बिल चौपन्न. पोरानं विसाच्या तीन नोटा दिल्या.
परत आले सतरा.
"अकरा जास्त दिलेत, आजोबा."
"मोजण्यात चूक झाली."
"मग घ्या ना परत."
"आत्ता नव्हे."

पोरगं जिना चढलं, मूठ फिरवत,
टक टक टक टक,
दार लागल्यावरही गल्लीच्या वळणापर्यंत.

खाली पुठ्ठ्यात
एक वॉशर उरला होता.